वाघाला घाबरता, मग माकडाच्या तोंडाशी लेकरू का नेता?

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला आणि आपला अख्खा धाराशिव जिल्हा खडबडून जागा झाला. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून काही शे किलोमीटर चालत आलेला तो तरुण नर. त्याला पकडायला पथकं आली, वनखात्याच्या सूचना निघाल्या, पारावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा विषय नव्हता. लेकरांना एकटं सोडू नका, अंधार पडायच्या आत घरी या, असं जो तो सांगत होता. बरोबरच होतं ते.

पण त्याच अभयारण्याच्या कुशीत रामलिंगाचं देऊळ आहे. तिथे आपण वर्षानुवर्षं काय करतो? श्रावणात लेकराला कडेवर घेऊन जातो, त्याच्या मुठीत चार शेंगा देतो आणि म्हणतो, "दे माकडाला. घाबरू नको, काही करत नाही ते." समोर कोणीतरी मोबाइल धरून उभं असतं. लेकरू आधी मागे सरकतं, रडवेलं होतं. आपण हसतो आणि त्याचा हात धरून पुढे करतो.

मला भांडायचं आहे ते या "काही करत नाही"शी.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. लेकरांना जनावरांपासून इजा होते ती बहुतेक वेळा जनावर सुटलं म्हणून नाही, तर मोठ्या माणसांनी मधलं अंतर मोडलं म्हणून. प्राणिसंग्रहालयात आपण ते कठड्यावर मोडतो आणि देवळात शेंगा देऊन मोडतो. दोन्हीकडे शिक्षा मात्र लेकराला होते.

पिंजरा असूनही अपघात होतात, ते कसे?

आपल्या जिल्ह्यात वाघ-सिंहांचं प्राणिसंग्रहालय नाही. आपली लेकरं ते पाहतात शाळेच्या सहलीत किंवा दिवाळीच्या सुट्टीत: पुण्याला कात्रजला, मुंबईला राणीच्या बागेत, छत्रपती संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानात. वर्षा-दोन वर्षांतून एकदा जायचं, म्हणून सगळं जवळून पाहायची हौस. "दिसत नाही" म्हटलं की बाप खांद्यावर घेतो, आई कठड्यावर उभं करते.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या प्राणिसंग्रहालयात नोव्हेंबर २०१२ मध्ये हेच झालं. दोन वर्षांच्या मुलाला नीट दिसावं म्हणून आईने कठड्यावर उचलून धरलं. मूल निसटलं आणि आफ्रिकी रानकुत्र्यांच्या आवारात पडलं. ते वाचलं नाही. ती आई बेफिकीर होती असं मला वाटत नाही. आपण रोज करतो तेच तिने केलं होतं. दोन वर्षांचं मूल पुढे काही दिसलं की सगळं अंग पुढे झोकून देतं आणि त्या क्षणी त्याला धरून ठेवणं कोणाच्याही हाताला जड जातं. कठडा टेकायला असतो, लेकरू बसवायला नाही.

मे २०१६ मध्ये सिनसिनाटीत तीन वर्षांचा मुलगा गर्दीतून निसटला, कुंपणातून आत शिरला आणि गोरिलाच्या खंदकात पडला. मुलगा वाचला. त्यासाठी हरांबे नावाच्या गोरिलाला गोळी घालावी लागली. जगभर आईला शिव्या पडल्या. पण त्या प्राणिसंग्रहालयाने नंतर कुंपण जास्त उंच केलं आणि त्याला जाळी लावली. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला पार करता येईल असं कुंपण आधी होतं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात गेला आणि जिवाला मुकला. वरच्या लोकांनी आरडाओरडा केला, दगड मारले. घाबरलेल्या गर्दीला दुसरं सुचत नाही. पण बिथरलेला वाघ दगडांनी शांत होत नाही. त्याआधी डिसेंबर २००७ मध्ये गुवाहाटीत जवळून फोटो घ्यायला एका माणसाने वाघाच्या पिंजऱ्यापर्यंत हात नेला. हात गेला आणि माणूसही गेला.

या चारही घटनांत प्राणी आपल्याच जागेवर होता. हद्द ओलांडली ती माणसाने.

लेकरू म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

"आम्ही त्याला सांगून ठेवलंय" असं पालक म्हणतात. चार वर्षांच्या मुलाला सांगून ठेवणं चांगलंच, पण त्यावर विसंबू नका. स्वतःला आवरण्याचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं असतं आणि तो भाग पुरता पिकायला विशी उलटावी लागते. त्यामुळे "आत हात घालायचा नाही" हे लेकराला तोंडपाठ असतं, पण वाघ दिसला की ते पाठांतर आठवत नाही. यात लेकराचा हट्टीपणा नाही, ते त्याचं वय आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. मोठ्या माणसाला जनावर चावलं तर बहुधा पायाला किंवा हाताला चावतं. लेकराचा चेहरा आणि मानच जनावराच्या तोंडासमोर येते. तिथे रक्तवाहिन्या वरवर असतात, मेंदू जवळ असतो आणि जखम लहान दिसली तरी घातक ठरू शकते.

तिसरी गोष्ट चालीची. लेकरू किंचाळतं, अचानक पळतं. पाठ करून पळणारी छोटी आकृती पाहिली की मांजरकुळातल्या शिकारी प्राण्याला पाठलागाची ओढ लागते. काचेपलीकडचा सिंह लहान मुलाकडे झेप घेतो तेव्हा आपण व्हिडिओ काढून "बघा, खेळतोय" म्हणतो. बहुतेक वेळा तो खेळत नसतो, त्याला भक्ष्य दिसलेलं असतं.

चौथी गोष्ट ओळखण्याची. दात दाखवणारं माकड हसत नसतं. ते घाबरलेलं असतं किंवा धमकावत असतं. त्याच्या डोळ्यांत टक लावून पाहणं म्हणजे त्याच्या भाषेत आव्हान. लेकराला दात दिसले की हसू वाटतं, ते आणखी जवळ जातं आणि टक लावून पाहतं. म्हणजे नको त्या दोन्ही गोष्टी एकदम करतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पिसाळल्याचा संशय असलेला प्राणी ज्यांना चावतो, त्यांत शंभरातली साधारण चाळीस पंधरा वर्षांखालची मुलं असतात. हा आकडा मुख्यतः कुत्र्यांमुळे आहे. पण कारणं हीच: लहान उंची, धीटपणा, हातातला खाऊ आणि घरी न सांगणं.

बिनपिंजऱ्याचं प्राणिसंग्रहालय

आता घराजवळ या. कात्रजला आपण वर्षातून एकदा जातो. रामलिंगला, किंवा जिथे माकडं माणसांत मिसळलेली आहेत अशा कोणत्याही देवस्थानाला, कितीतरी वेळा. तिथे पिंजरा नाही, खंदक नाही, शिट्टी मारणारा रखवालदारही नाही. मधे काही असेल तर ते फक्त तुमचं शहाणपण.

वर्षानुवर्षं माणसाच्या हातचं खाल्लेल्या माकडाला काय कळतं? माणूस म्हणजे खाणं, पिशवी म्हणजे खाणं, आणि लहान माणूस म्हणजे सोपं खाणं. ते मोठ्या माणसाला जरा दबकतं, लेकराला दबकत नाही. लेकराच्या हातातला बिस्किटाचा पुडा त्याला स्वतःचाच वाटतो. लेकरू पुडा घट्ट धरतं, माकड ओढतं आणि त्या ओढाताणीत ओरखडा उमटतो किंवा चावा बसतो. माकडाने काही अघटित केलेलं नसतं. आपण शिकवलं तेच केलेलं असतं.

माकडाचे सुळे लांब आणि टोकदार असतात. बाहेरून चार ठिपके दिसतात, पण दात आत खोलवर गेलेला असतो. हाताच्या बोटावर असा चावा बसला तर जंतू स्नायूबंधांपर्यंत, सांध्यापर्यंत पोचतात. दोन दिवसांनी बोट सुजतं, वाकत नाही, ताप येतो. उशीर झाला तर शस्त्रक्रिया लागते आणि बोट कायमचं ताठ राहू शकतं. धनुर्वाताची भीती वेगळी.

आणि मग रेबीज. आपल्या देशात रेबीज पसरतो तो प्रामुख्याने कुत्र्यांमुळे, माकडाकडून तो क्वचित होतो. पण होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसली की रेबीजचा रोगी वाचत नाही म्हटलं तरी चालेल. कुत्रा किंवा मांजर चावलं तर लस सुरू करून त्या प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवता येतं. तो ठणठणीत राहिला तर डॉक्टर पुढचे डोस बदलू शकतात. माकडाला हा नियम लागू नाही. ते कोणतं होतं हेही सांगता येत नाही आणि दहा दिवसांचा हिशोब त्याच्यासाठी केलेलाही नाही. म्हणून आपल्याकडच्या उपचाराच्या नियमांत रानटी प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या वर्गात धरतात.

"पण डॉक्टर..."

*"माकड म्हणजे मारुतीचं रूप. त्याला खाऊ घालणं पुण्याचं काम."* तुमच्या श्रद्धेशी माझा वाद नाही. मीही देवळात हात जोडतो. पण पुण्य तुम्हाला हवं आणि हात लेकराचा पुढे, हा कुठला न्याय? आणि माकडाचं तरी त्यात काय भलं होतं? तळलेले, गोड, प्लॅस्टिकच्या वेष्टनातले पदार्थ त्याच्या पोटाचे नाहीत. रानातला पाला, फळं, शेंगा सोडून ते रस्त्यावर येऊन बसतं आणि गाडीखाली सापडतं. चावकं झालं की तेच लोक त्याला पकडून न्यायची मागणी करतात. आधी मारुती म्हणायचं आणि मग पिंजरा मागवायचा, याला भक्ती म्हणत नाहीत.

*"आम्ही लहानपणापासून खाऊ घालतो, कधी काही झालं नाही."* हेल्मेट न घालणाराही हेच म्हणतो. ज्यांना काही झालं नाही ते पारावर बसून सांगतात. ज्यांना झालं ते सुया टोचून घ्यायला रुग्णालयात गेलेले असतात.

*"असं घाबरवलं तर मुलं प्राण्यांवर प्रेम कशी करतील?"* हा प्रश्न मला आवडतो. पण प्रेम म्हणजे हात लावणं, हे कोणी ठरवलं? पंधरा फुटांवर बसून माकडीण पिल्लाच्या उवा कशा काढते ते लेकराला अर्धा तास पाहू द्या. ते जास्त शिकेल. भीती घालायची नाही, अंतर शिकवायचं. लेकरू स्वतःहून मागे सरकतं तेव्हा त्याची उपजत बुद्धी बरोबर काम करत असते. आपण "भित्रा आहे" म्हणून हसतो आणि ती बुद्धी मोडून काढतो. याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

चावलं किंवा ओरखडलं तर

अशा जखमा माझ्याकडे येतात तेव्हा त्यांवर आधीच बरंच काही फासलेलं असतं: हळद, चुना, तंबाखू, मिरचीची पूड. कधी गाडी आधी उतारा उतरवणाऱ्याकडे गेलेली असते. यातलं काहीही करू नका. हे करा:

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. साधा अंगाचा साबण चालतो. देवळाजवळ नळ नसेल तर बाटलीतलं पाणी ओतत राहा. जखमेतले विषाणू कमी करण्याचा याहून स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

२. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. जखम घट्ट बांधू नका आणि टाके घालायचा आग्रह धरू नका. टाक्यांची गरज आहे का आणि कधी, ते डॉक्टर ठरवतील.

३. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लस आता पोटात देत नाहीत आणि चौदा इंजेक्शनंही नसतात. स्नायूत द्यायची असेल तर पहिल्या दिवसाला शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. त्वचेत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. मोठ्यांना दंडात, लहान लेकरांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर ही लस घेऊ नका.

४. जखमेत द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. त्याला रेबीज इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. लस दिल्यावर शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला आठवडाभर तरी लागतो. मधल्या दिवसांत जखमेतच विषाणू अडवायचं काम हे तयार औषध करतं. ते एकदाच देतात, शक्यतो पहिल्या लसीबरोबर. तेव्हा मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत. प्रत्येक ठिकाणी ते असेलच असं नाही. आधी फोन करून विचारा आणि नसेल तिथून मोठ्या शासकीय रुग्णालयात चिठ्ठी मागा. पण त्या शोधात लसीला उशीर करू नका.

५. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि प्रतिजैविकाची गरज डॉक्टरांना विचारा. हाताच्या, चेहऱ्याच्या खोल जखमेला ते बहुधा लागतं.

६. सगळे डोस पूर्ण करा. जखम भरली म्हणजे काम झालं असं नाही. रेबीजची लक्षणं साधारण दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर जखमेचा वणही पुसट झालेला असतो.

आणि लेकराला रागावू नका. "तुला सांगितलं होतं ना!" म्हणून एकदा धपाटा बसला की पुढचा ओरखडा ते लपवतं. लपवलेला ओरखडा चाव्याहून धोक्याचा.

जबाबदारी कोणाची?

सगळा दोष आईबापांच्या माथी मारून बाकीच्यांना सुटू देणार नाही.

शाळांनो, पन्नास-साठ लेकरं आणि दोन-तीन शिक्षक एवढ्यावर प्राणिसंग्रहालयाची सहल काढू नका. लहान वर्गांना दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं आणि त्याच्या हातात मोबाइल नको. निघायच्या आदल्या दिवशी वर्गात अंतराचा पाठ घ्या: पिवळी रेघ, कठडा, पिंजरा म्हणजे काय, खाऊ दप्तरात का ठेवायचा. परतताना हरणाला, उंटाला हात लावलेली मुलं साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडणार नाहीत हे पाहा. गुरं, शेळ्या, हरणं यांच्या शेणातले काही जंतू लहान मुलांच्या मूत्रपिंडापर्यंत त्रास देतात.

प्राणिसंग्रहालयं चालवणाऱ्यांनो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ३८-जे कलमाने प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचायला, खायला घालायला आणि आवाज करून त्रास द्यायला बंदी आहे. पाटी लावली की कायदा पाळला गेला असं होत नाही. शनिवार-रविवारच्या गर्दीत वाघ-सिंहांच्या समोर माणूस उभा करा. कठड्याला आडवे गज लावू नका, लेकरांना ती शिडी असते. उभे गज लावा आणि त्यांतून लहान डोकं जाणार नाही इतके जवळ लावा. काच किंवा जाळी अशी ठेवा की तीन वर्षांच्या मुलाला स्वतःच्या पायांवर उभं राहून प्राणी दिसेल. मग कोणी त्याला उचलणारच नाही.

देवस्थानांनो, ग्रामपंचायतींनो, वाटेवर माकडांसाठी म्हणून शेंगा-फुटाणे विकले जात असतील तर ते थांबवा. कचऱ्याचे डबे झाकणाचे ठेवा. पाण्याचा नळ आणि साबण दिसेल अशा जागी ठेवा. "माकडांपासून सावधान" एवढ्या पाटीने भागत नाही. "चावल्यास १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी लस घ्या" आणि जवळच्या शासकीय रुग्णालयाचा नंबर, एवढं लिहा.

आणि तुम्ही, हे वाचणारे आईबाप, आजी-आजोबा. तुमच्यासाठी नियम थोडेच आहेत. कठड्यावर लेकरू बसवायचं नाही. माकडं असतील तिथे लेकराच्या हातात खाऊ, पिशवी, बाटली काहीही नको. माकडाने काही हिसकावलं तर सोडून द्यायचं, ओढायचं नाही. जवळ आलं तर पळायचं नाही, डोळ्यांत पाहायचं नाही, लेकराला उचलून सावकाश मागे सरकायचं. वाट चुकलेला रानटी प्राणी गावात दिसला तर घोळका करून फोटो काढायचे नाहीत, वनखात्याच्या १९२६ या नंबरला कळवायचं.

येत्या श्रावणात रामलिंगला जरूर जा. दर्शन घ्या, धबधबा पाहा, माकडं लांबून दाखवा. लेकरू "मला द्यायचंय" म्हणून हटून बसलं तर त्याला शेंगा सोलून त्याच्याच तोंडात द्या.